किरकोळ गुंतागुंत

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातली कपाटं रिकामी करत होते. म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या व्यवसायातला एखादा हृदयस्पर्शी अनुभव द्या ना अंकासाठी." मी म्हटलं, "हृदयाचे डॉक्टर पलीकडच्या इमारतीत बसतात. माझं क्षेत्र बरंच खालचं आहे." ते हसले, पण बिचकलेही. "घरातली सगळी माणसं वाचतात हो, तेवढं जरा सांभाळून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आता सांभाळणार कसं? ज्या दुखण्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही, त्याच दुखण्यावर माझं घर चाललं. तेव्हा फराळाची ताटली जरा बाजूला सारून वाचा, एवढंच सांगते.

मी सर्जन. जन्म गिरगावातल्या फणसवाडीतला, दवाखाना लालबागला, आणि ऑपरेशनं परळच्या एका छोट्या रुग्णालयात. मी सुरुवात केली तेव्हा बाई आणि सर्जन हे दोन शब्द एका पाटीवर बघून लोक थांबून पाटी पुन्हा वाचायचे. पुरुष पेशंट गळू कापून घ्यायलासुद्धा माझ्याकडे यायला कचरत. बायका मात्र आल्या, आणि त्यातल्या कितीतरी मूळव्याधीच्या. रक्त पडतंय हे वर्षानुवर्षं नवऱ्यालाही न सांगितलेल्या. 'खालचं दुखणं आहे' एवढं म्हणून भिंतीकडे बघत बसायच्या. हाताला गुण आहे की नाही हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. डॉक्टर बाई आहे ना, मग झालं. माझी प्रॅक्टिस हुशारीवर नव्हे, लाजेवर उभी राहिली, हे मी कधी नाकारलं नाही.

आमच्या पेशंटइतकी कृतघ्न जमात दुसरी नाही. बायपास करून घेतलेला माणूस लग्नाच्या हॉलमध्ये डॉक्टरांना हाताला धरून चार जणांपुढे नेतो आणि 'यांनी मला जीवदान दिलं' म्हणून सांगतो. मूळव्याधीचा पेशंट बरा झाला की भाजीच्या गल्लीत मला समोरून येताना बघून दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण ज्याने केली तो माझ्याच शाखेतला असणार.

ही लाज कुठवर जाते ते सांगते. फणसवाडीतलेच एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. मला लहानपणापासून ओळखत होते म्हणूनच नाइलाजाने माझ्याकडे आले. त्यांची मी मूळव्याध काढली. घरी मात्र त्यांनी 'हर्नियाचं ऑपरेशन' म्हणून सांगितलं होतं. सगळ्या मजल्याला, आणि स्वतःच्या बायकोलाही. या ऑपरेशननंतर क्वचित कुणाला काही दिवसांनी आतून रक्तस्राव होतो. त्यांना झाला. रक्त आतल्या आत साठत गेलं, बाहेर थेंब दिसेना, आणि गृहस्थ चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी जवळच्या रुग्णालयात नेलं. बायको सांगतेय हर्निया, तिथले डॉक्टर पोटावर टाके शोधतायत, टाके सापडत नाहीत, आणि गृहस्थ शुद्धीवर असून डोळे मिटून पडलेले. शेवटी कुणीतरी मला फोन केला. मी म्हटलं, "त्यांना कुशीवर वळवा आणि मागून तपासा." रक्तस्राव थांबवला, माणूस वाचला. आठवड्याने त्यांच्या पत्नी दवाखान्यात आल्या. मला वाटलं, आभार मानायला आल्या. त्या म्हणाल्या, "अगं, तू त्यांची चार लोकांत शोभा केलीस. पोटाचंच काहीतरी सांगता आलं नसतं?" मी त्यांना चहा विचारला. त्यांनी तो घेतला नाही.

आता हे ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही. गुदद्वाराच्या आत प्रत्येकाला मऊ गाद्या असतात. बद्धकोष्ठता, कुंथणं, तासन्‌तास दाबून धरणं, यांनी त्या सुजतात, रक्त गळतं आणि पुढे त्या खाली घसरून बाहेर येतात. लोक त्यांना कोंब म्हणतात. जुनं ऑपरेशन म्हणजे हे कोंब कापून काढायचे. जखम उघडी राहते, आणि त्याच वाटेने रोज शौचाला जायचं असतं. पहिले दोन-तीन आठवडे माणसाला देव आठवतो. पण एकदा भरून आलं की बहुधा कायमचा सुटतो.

मग स्टेपलर आला. हे एक गोल नळीचं यंत्र. त्यात कोंब कापायचेच नाहीत. त्यांच्या वर, जिथे वेदना फारशी कळत नाही अशा जागी, आतल्या अस्तराला बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालायचा, नाडी ओढायची, आणि यंत्राचा खटका दाबायचा. अस्तराचं एक कडं कापून बाहेर येतं आणि कापलेल्या दोन्ही कडा बारीक धातूच्या पिनांनी जोडल्या जातात. घसरलेला मोजा वर ओढावा तसे कोंब वर खेचले जातात. बाहेर जखम नाही, दुखणं कमी, माणूस चार दिवसांत कामावर. बाईच्या बाबतीत खटका दाबण्याआधी योनिमार्गातून बोटाने चाचपून बघायचं, की मधली पातळ भिंत तर चिमटीत आली नाही ना. ती आली तर आयुष्याचा सत्यानाश. ही काळजी मी एकदाही चुकवली नाही.

मी या यंत्रावर खूश होते. का नसावं? वर्षानुवर्षं पेशंटच्या किंकाळ्या ऐकल्या होत्या. त्याचे दोष पुस्तकांत छापलेले होतेच: कधी रक्तस्राव, कधी जोड आवळून वाट अरुंद होणं, क्वचित आत पू होऊन ताप आणि लघवी अडणं, काहींना रेंगाळणारी वेदना, जुन्या ऑपरेशनपेक्षा कोंब परत येण्याचा धोका जास्त. आणि यादीच्या शेवटी, 'किरकोळ गुंतागुंत' या मथळ्याखाली, काही रुग्णांना शौचाची भावना झाल्यावर धरून ठेवता येत नाही, बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, अशी एक ओळ. ती ओळ मीही इतरांसारखीच पाठ केली होती.

शैला पहिल्यांदा आली तेव्हा बाहेर बसलेले सगळे पेशंट शिंकायला लागले. आमची मंदा, म्हणजे माझ्या दवाखान्यातली सिस्टर, नाकाला पदर लावून आत आली. "मॅडम, मसाल्याच्या गल्लीतली आहे. अंगभर मिरची घेऊन आलीय." शैला पंचेचाळिशीची, अंगाने आडवी, बोटांच्या पेरांपर्यंत लाल. माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत तिचा मसाला कांडपाचा गाळा होता. नवरा वारल्यावर तो तीच चालवत होती. वर्षाचा मालवणी मसाला करायला लालबाग-परळमधूनच नव्हे, विरारपासून बायका तिच्याकडे यायच्या. तिचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा पडला होता.

मंदाने तिला पाणी दिलं. तिने पेला हातातही घेतला नाही. "नको सिस्टर. गाळ्यावर असताना मी पाणी पीत नाय."

का, हे मी विचारलं नाही. लालबागच्या कुठल्याही कष्टकरी बाईला हे विचारावं लागत नाही. त्या गल्लीत बायकांसाठी संडास नव्हता. शैलाची चाळ करी रोडला; तिथला सामाईक संडास ती सकाळी गाळा उघडण्याआधी वापरायची आणि मग थेट गाळा बंद झाल्यावर. मधला अख्खा दिवस दाबून धरायचं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला संडास गिऱ्हाइकांपुरता, आणि त्याची कडी काढून घ्यायला गल्ल्यावरच्या माणसापुढे उभं राहावं लागायचं. पुरुषांना भिंती होत्या. बायकांनी पाणी बंद केलं होतं. पाणी बंद केलं की मळाचे खडे होतात, खड्यांनी कुंथावं लागतं, कुंथून कोंब येतात. लोक मात्र छातीठोक सांगायचे, "मसालेवालीच ती, तिखट खाऊन झालं असणार." तिखटाने जळजळ वाढते, मूळव्याध होत नाही. शैलाला मूळव्याध त्या गल्लीने दिली होती.

तिचे कोंब बाहेर आले होते, बोटाने आत ढकलावे लागत, आणि रक्त जाऊन जाऊन अंगात त्राण उरलं नव्हतं. ऑपरेशनला पर्याय नव्हता. मी तिला जुनं ऑपरेशन समजावून सांगितलं आणि म्हटलं, "महिनाभर घरी बसावं लागेल, शैला."

"महिना?" ती उठूनच उभी राहिली. "मॅडम, शिमगा झाला की माझा सीझन. तेव्हाच्या दोन-अडीच महिन्यांवर माझं वर्ष चालतं. आणि गाळा सासऱ्यांच्या नावावर. मी घरात बसले की भावोजी गाळ्यात बसणार. आणि भावोजी एकदा बसले की उठायचे नाहीत."

भावोजी म्हणजे तिचा धाकटा दीर, बाळा. त्याला कांडप काढून तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. 'वहिनीला झेपत नाही' असं सिद्ध व्हायची तो वाटच बघत होता. त्या गाळ्यात रोज बसणं हाच शैलाचा गाळ्यावरचा हक्क होता, दुसरा कुठला कागद तिच्याकडे नव्हता.

"ते पोस्टरवरचं करा ना," ती म्हणाली. "न कापता, न दुखता. पुलाखाली लावलंय."

पुलाखालचं पोस्टर माझं नव्हतं, पण यंत्र तेच. मी तिला फायदे सांगितले, धोके सांगितले. "काही जणांना नंतर धरवत नाही," असंही स्पष्ट सांगितलं. "बहुतेकांचं पुढे सुधारतं. पण काहींचं नाही सुधारत."

"आजवर धरूनच तर जगले," ती म्हणाली. "धरण्यात माझा हात कुणी धरणार नाय. करा तुम्ही."

आपल्या गाळ्यासाठी तिने विचार करून निवड केली. त्या परिस्थितीत मीही तीच केली असती. ऑपरेशन नीट झालं, हे मी मुद्दाम लिहिते. कडं सगळीकडून सारखं निघालं, जोडावर रक्ताचा ठिपका नव्हता. आठवड्याच्या आत शैला गाळ्यात होती, आणि तिच्या यंत्राचा धाडधाड आवाज माझ्या मागच्या खिडकीतून ऐकू येत होता. मला तो आवाज फार गोड वाटला. तिने बरणीभर मसाला पाठवला. कोळंबीचं कालवण केलं, मंदाला डबा दिला, आणि स्वतःवर फार खूश झाले.

त्यानंतर तपासणीला ये म्हटलं तरी ती येईना. आली ती ऐन सीझनमध्ये, आणि मी तिला ओळखलंच नाही. अंगावरचा ब्लाउज लोंबत होता. तपासलं तर जोड उत्तम, कोंब वर बसलेले, रक्त थांबलेलं. मी म्हटलं, "सगळं छान आहे की. मग अशी का झालीस? जेवतेस ना?"

"संध्याकाळी जेवते. गाळा बंद केल्यावर."

"आणि दिवसा?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मॅडम, आला ना, की थांबाचाच नाय. उठेपर्यंतसुद्धा नाय. काय सांगू तुमका." चार वाक्यं मुंबईची आणि पाचवं गावचं, असं तिचं घाबरली की व्हायचं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. गाळ्यात गिऱ्हाइकं उभी, बेडगी मिरची यंत्रात पडतेय, आणि तिला एकदम भावना झाली. पूर्वी अशी भावना ती दिवसभर दाबू शकायची. आता ती गाळ्याच्या पायरीपर्यंतही पोचली नाही. समोरच्या बाजूला प्रज्ञा शेगडीवर मिरच्या भाजत होती. ही प्रज्ञा परळच्या चाळीतली, शैलाच्या गाळ्यासाठी भाजणीचं काम करायची. तिने शैलाचा चेहरा बघितला, साडी बघितली, आणि शेजारची पाण्याची बादली उचलून सरळ तिच्या अंगावर ओतली. "पदराला ठिणगी लागली रे! मागे सरा सगळे, मागे सरा!" ओरडत, चिंब भिजलेल्या शैलाला कवेत घेऊन ती करी रोडच्या चाळीपर्यंत घेऊन गेली. लोकांना पटलं. दोन बायका तर दुसऱ्या दिवशी भाजल्याचं मलम घेऊन आल्या.

त्या दिवसापासून शैलाने गाळ्यात असताना अन्न बंद केलं. पाणी आधीच बंद होतं. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, हा तिचा हिशेब. रात्री एकदा जेवायचं, पहाटे उठून पोट रिकामं होईपर्यंत संडासाच्या रांगेत परत परत उभं राहायचं, मग गाळ्यात. गरगरायला लागलं की जिभेवर गुळाचा खडा. यंत्राच्या पट्ट्याजवळ ती गरगरत उभी राहत होती, आणि मी खिडकीतून आवाज ऐकून खूश होत होते.

मी तिला औषधं दिली, स्नायू आवळण्याचे व्यायाम शिकवले, थोडं थोडं खायला लावलं. थोडा फरक पडला. पुरेसा नाही. आतली जागा आखडली होती, तिथलं अस्तर हळवं झालं होतं. पुन्हा चाकू लावून ते सुधारण्याची खात्री देता येत नव्हती. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते असं. आणि यातलं सगळ्यांत झोंबलं ते हे, की हिला मूळव्याध झाली ती दाबून धरल्यामुळे. आम्ही मूळव्याध काढली आणि दाबून धरायची ताकद घेऊन गेलो. गल्ली मात्र होती तशीच राहिली.

त्या सुमारास आमच्या सर्जन लोकांची एक सभा होती. तिथे मी नाव न घेता ही केस मांडली. चहाच्या वेळी माझा वर्गमित्र श्रीरंग भेटला. आता मोठा माणूस; पोस्टरवर असतो.

"अगं, तू पण ना," तो म्हणाला. "अर्जन्सी, म्हणजे हे धरवत नाही वगैरे, मायनर गं. कोंब गेले, ब्लीडिंग थांबलं, पेशंट आठवड्यात कामावर. धिस इज अ सक्सेस. मी तर माझ्या यादीत यशस्वी म्हणूनच धरली असती."

"श्रीरंग, तुझ्या खुर्चीपासून तुझा संडास किती लांब आहे रे?"

"म्हणजे?"

"तुझ्या केबिनमध्येच आहे. मी पाहिलाय. पुस्तकात 'किरकोळ गुंतागुंत' लिहिणाऱ्याच्याही खोलीला लागून असणार. म्हणून तुम्हाला हे किरकोळ वाटतं. तिचा करी रोडला आहे, आणि त्यापुढे रांग असते."

तो हसला. "तो सर्जरीचा विषय नाही, अगं. म्युनिसिपालिटीचा आहे." आणि सामोसा घ्यायला गेला. त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही, म्हणूनच मला त्याचा अधिक राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शैलाला बोलावून दवाखान्याच्या मागच्या दाराची चावी दिली. ते दार तिच्याच गल्लीत उघडायचं, आणि आत शिरल्या शिरल्या आमचा संडास. "विचारायचं नाही, सांगायचं नाही," मी म्हटलं. "यायचं आणि जायचं. आणि दुपारी माझ्यादेखत जेवायचं."

पहिल्या दिवशी तिने भात खाल्ला आणि तशीच मागच्या दाराजवळ बसून राहिली, काय होतंय त्याची वाट बघत. मग उठून गाळ्यात गेली. थोड्या वेळाने दार वाजलं, नळाचा आवाज आला, दार परत लागलं. मंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "पोचली." आम्ही दोघी पोरीबाळींसारख्या हसलो.

तिला चाळीपर्यंत धरवत नव्हतं, पण माझ्या दारापर्यंत धरवत होतं. तेवढ्यावर तिचा सीझन निभावला, गाळा वाचला. अंगावर पुन्हा मांस चढलं. बाळा भावोजी दोनदा गाळ्यात डोकावून गेला आणि मिरचीने खोकत परत गेला.

मग एक दिवस प्रज्ञा कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, चावी एकट्या शैलालाच का? आम्ही काय दगडाच्या आहोत?" तिचं म्हणणं खरं होतं. मी चावी शैलाच्या गाळ्यातल्या खिळ्याला टांगली. बघता बघता गल्लीतल्या सगळ्याच येऊ लागल्या, कांडपवाल्या, मिरच्यांची देठं काढणाऱ्या, मसाला चाळणाऱ्या. मंदा आधी खूप कुरकुरली, "दवाखाना आहे की काय आहे हा," आणि मग स्वतःच फिनेल आणून ठेवायला लागली. बायका पाणी प्यायला लागल्या. त्या गल्लीतून माझ्याकडे येणाऱ्या मूळव्याधीच्या पेशंट जवळजवळ बंदच झाल्या. इतकी वर्षं चाकू चालवून जे जमलं नाही ते एका कुलपाने केलं. अभिमान वाटायला हवा होता. मला आपल्या सगळ्या शिक्षणाची चीड आली.

संडास बांधून द्या म्हणून मी फिरलेही. एका पुढाऱ्याने सांगितलं, "जागाच नाही मॅडम, लालबागमध्ये." गणपतीत मात्र दर्शनाच्या रांगांसाठी फिरत्या शौचालयांच्या गाड्या आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. बाहेरगावच्या भक्तांची गैरसोय व्हायला नको. त्या दिवसांत प्रज्ञा म्हणायची, "आता आपला सण." विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी गाड्या गायब. एका वर्षी बायकांनी मिळून 'एक तरी गाडी ठेवा' म्हणून विनंती केली. उत्तर आलं की रहदारीला अडथळा होईल.

आता आमची इमारत पाडतायत. इथे टॉवर होणार. चित्र पाहिलंय मी त्याचं; प्रत्येक फ्लॅटमध्ये तीन-तीन बाथरूम, आणि मागच्या गल्लीकडे उंच कोरी भिंत, दार नाही. मला आता दुसरीकडे नव्याने दवाखाना मांडायचं बळ नाही. पेशंट येऊन फायली घेऊन गेले. काही जण पहिल्यांदाच माझ्याशी रस्त्यात बोलले.

गेल्या आठवड्यात बाळा भावोजी आला. हात जोडून, अगदी नम्र. मला वाटलं, यालाही काही दुखतंय. "नाही मॅडम, सहजच," तो म्हणाला. "दवाखाना नक्की कधी बंद होतोय?" मी तारीख सांगितली. "आणि मागचं दार पण त्याच दिवशी?" असं त्याने विचारलं, आणि मला सगळं समजलं. याला पहिल्यापासून माहीत होतं. ठिणगीची गोष्ट त्याला कधीच पटली नव्हती. "वहिनीची काळजी वाटते हो," तो म्हणाला. "शिमग्याला बघू काय ते." मी उठून दार उघडलं आणि त्याला जायला सांगितलं. त्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

काल शेवटचा दिवस होता. नळ अजून चालू होता. दुपारी शैला मागच्या दाराने आली, मसाल्याची बरणी टेबलावर ठेवली आणि शेजारी चावी ठेवली. चावी इतक्या वर्षांत तांबडी झाली होती.

मी म्हटलं, "शैला, कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याशी मी बोलते. माझं ऐकेल तो."

"बोललात तरी कडी तो त्याच्याच हाताने काढणार ना," ती म्हणाली. "सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. आणि माझं तोवर थांबतंय होय?"

"मग काय करणार तू?"

"गाळा नाय सोडायची." हे एवढंच ती मोठ्याने म्हणाली.

बसली. कपाटं रिकामी झाली होती, भिंतींवर पाट्यांच्या जागी चौकोन उरले होते. तिने सगळीकडे नजर फिरवली. मंदा दोन पेले पाणी घेऊन आली, एक मला, एक तिला. उन्हातून आली होती, ओठ सुकले होते तिचे. तिने पेला घेतला, ओठांपाशी नेला, आणि तसाच खाली ठेवला.

"पी गं," मी म्हटलं. "आज तरी दार उघडं आहे."

"नको मॅडम," ती म्हणाली. "उद्यापासून परत सवय करायची आहे. ती आजपासूनच लावते."

ती गेल्यावर यंत्र सुरू झालं. मी तो पेला मोरीत ओतला आणि मागच्या दाराला कुलूप लावलं.